सांगायची तारीख

आमच्या इमारतीच्या फाटकाला अधूनमधून एक लाल फडकं बांधलेलं दिसतं. नारायण पेठेत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, आत खोदकाम चालू आहे, नाहीतर कुठल्यातरी पक्षाची सभा आहे. तसं काही नसतं. लाल फडकं म्हणजे आज बँक बंद. ते तळमजल्यावरचे भालेराव बांधतात, सकाळी सात वाजता, आंघोळ उरकून. बँक उघडायच्या दिवशी सातलाच ते सोडतात आणि घडी करून कपाटात ठेवतात. भालेरावांची सगळी नोकरी खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. तिथे धोका असला की लाल निशाण लागायचं. बँकेची सुट्टी हा भालेरावांच्या मते त्याच जातीचा प्रकार आहे.

सुट्टीच्या दिवशी ते कुणाला शुभेच्छा देत नाहीत. दसऱ्याला तिसऱ्या मजल्यावरची मुलगी सोनं द्यायला आली तेव्हा त्यांनी आपट्याचं पान घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उद्या उघडेल. परवा दुसरा शनिवार आहे. आईला सांग, काय ते उद्याच." बुद्धपौर्णिमेला ते विहारात जायला निघतात, पण निघण्याआधी पांढऱ्या सदऱ्यावर फाटकापाशी येऊन फडकं बांधतातच. मी एकदा विचारलं, "अहो, आज तर आपला सण." ते म्हणाले, "सण आपला आहे, मास्तर. बँक बंदच की."

हे मी कौतुकाने लिहितोय असा गैरसमज नको. मला या माणसाचा गेली नऊ वर्षं मत्सर वाटत आला आहे. साधा नाही, चांगला मुरलेला. तो का, हे सांगायचं तर थोडं माझ्याबद्दलही सांगावं लागेल.

मी देवधर. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पहिल्या मजल्यावर राहतो. भालेराव खडकीची क्वार्टर सोडून इथे राहायला येईपर्यंत या इमारतीत काही अडलं की लोक माझ्याकडे यायचे. अर्ज भरायचा, पावती वाचायची, कुठल्या टेबलावर जायचं ते विचारायचं, सगळं माझ्याकडे. धुणंभांडी करणाऱ्या बायका, मंडईच्या बाहेर कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या शांताबाई, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, सगळे जिना चढून यायचे आणि "सर आहेत का?" विचारायचे. माझी बायको सुधा वैतागायची. मी वैतागल्यासारखं दाखवायचो.

मग भालेराव आले आणि बायका जिना चढेनाशा झाल्या. तळमजल्यावरच्या भालेरावांच्या पायरीशीच थांबायला लागल्या.

त्यांना विचारायचं असायचं एकच, पैसे कधी जमा होणार. कुणाला निराधार योजनेचे, कुणाला विधवा म्हणून मिळणारे, कुणाला दिव्यांग मुलाचे. रक्कम केवढी याची चर्चा नसायचीच, ती सगळ्यांना पाठ. प्रश्न फक्त तारखेचा. आणि तारखेच्या आड सुट्ट्या येतात. या विषयात भालेरावांनी जी विद्या मिळवली आहे ती मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही, आणि हे लिहिताना मला त्रास होतो आहे.

सर्वसामान्य माणूस सुट्टीला सुट्टी म्हणतो. भालेराव विचारतात, "कुणाची?" सरकारी कचेरीची वेगळी, बँकेची वेगळी, शाळेची तर त्यांच्या लेखी सुट्टीच नव्हे, ती करमणूक. कचेरी बंद आणि बँक चालू असेल तर अनुदानाची यादी निघत नाही. बँक बंद आणि कचेरी चालू असेल तर यादी निघते आणि अडकून बसते. "जमा होणं वेगळं आणि हातात येणं वेगळं," हे त्यांचं एक वाक्य. दुसरं वाक्य, "सोमवार गृहीत धरू नका." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणतात की इस्त्रीवाला आता गिऱ्हाइकांना कपडे मंगळवारी देतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाला ते कामाचा दिवस मानत नाहीत. त्या दिवशी साहेब येतो, पण त्याचं लक्ष यायचं असतं, असं त्यांचं मत.

ईदची सुट्टी चंद्रावर असते, आणि चंद्र कॅलेंडर छापणाऱ्याला विचारून उगवत नाही. म्हणून त्या संध्याकाळी भालेराव खडकीला त्यांच्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला फोन लावतात. "इब्राहिम, दिसला का?" मग पाच मिनिटांनी पुन्हा. "आता?" तिकडून काहीतरी उत्तर येतं आणि हे पायरीवर बसलेल्या बायकांना सांगतात, "दिसला. उद्या बंद. परवा या." बायका निमूट उठून जातात. मी चौतीस वर्षं शिकवलं, पण वर्ग इतक्या चटकन माझ्यावर विश्वास ठेवून कधी उठला नाही.

यात भर पेन्शनची. भालेराव केंद्र सरकारचे. त्यांचं पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होतं. मी राज्याचा. माझं महिना उलटल्यावर, कोषागाराला जाग येईल तेव्हा. म्हणजे दर महिन्याला भालेराव हातात पिशवी घेऊन प्रसन्न चेहऱ्याने निघतात तेव्हा मी खिडकीत मोबाइल न्याहाळत बसलेला असतो. वर्षातून एकदाच मला न्याय मिळतो. मार्चचं पेन्शन केंद्रवाल्यांनाही मार्चात मिळत नाही, एप्रिलात मिळतं, आणि एक एप्रिलला बँक आपले हिशेब करत बसते. त्या एकतीस मार्चला मी मुद्दाम खाली उतरतो आणि विचारतो, "काय भालेराव, आलं का?" ते म्हणतात, "नाही. मार्च आहे." एवढंच. जराही कुढत नाहीत. त्यामुळे तोही आनंद मला पुरा मिळत नाही.

कळस केला तो सुधाने. एकदा माझ्या पेन्शनला उशीर झाला. मी सांगितलं, "परवा येईल." ती चपला घालून खाली गेली आणि परत येऊन म्हणाली, "शुक्रवारी येणार आहे." मी विचारलं, "कुणी सांगितलं?" तर म्हणाली, "भालेरावांनी." माझं पेन्शन, माझी बायको, आणि तारीख सांगणार भालेराव. त्यातही ते गुरुवारीच आलं. मी तिला दाखवलं, की बघ, तुझे भालेराव एका दिवसाने चुकले. ती म्हणाली, "आधी आलं ना? मग बरंच झालं की."

पण मी तो धागा सोडला नाही. गणिताचा मास्तर आहे. मी गुपचूप टिपणं ठेवायला लागलो. भालेराव कुणाला कोणती तारीख सांगतात ते गॅलरीतून ऐकायचं, आणि पैसे कधी आले ते त्या बाईलाच विचारायचं. वर्षभर हा उद्योग केला. आणि माझ्या हाती असं काही लागलं की मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. भालेराव जवळजवळ दर वेळी चुकत होते. पैसे त्यांच्या तारखेच्या एक दिवस, कधी दोन दिवस आधी येत होते. एवढा बोलबाला, एवढे ते चंद्राचे फोन, आणि उत्तर चूक. नऊ वर्षं लोकांनी चुकीच्या माणसाला विचारलं होतं.

मग मी जिन्याखाली एक फळा टांगला. वर लिहिलं, "अनुदान व पेन्शन : अचूक तारखा." अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. भालेराव फळ्यासमोर उभे राहिले, चष्मा वर केला, सगळं वाचलं आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे आपलं, मास्तर."

पहिले दोन महिने माझ्या तारखा तंतोतंत आल्या. सुट्ट्या तेवढ्या नीट वजा केल्या की गणित काही अवघड नाही. बायका पुन्हा जिना चढायला लागल्या. "सर, तुमचं बरोबर येतंय," असं धुणंवाली निर्मला म्हणाली तेव्हा मी तिला चहा दिला. खाली भालेरावांची पायरी मोकळी पडत गेली. ते तरी रोज अकरा वाजता तिथे येऊन बसायचे, शेजारी तारखांची एक लांबट वही ठेवून, आणि रस्त्याकडे पाहायचे. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बरं वाटलं.

ऑगस्टात शांताबाई वर आल्या. त्यांच्या लेकीला मुलगी झाली होती, शिरूरकडच्या एका गावात. बारसं ठरायचं होतं. शांताबाईंच्या मनात एकच होतं, नातीच्या पायात आजीने आणलेले चांदीचे वाळे घालायचे. त्यासाठी त्यांनी थोडे साठवले होते, उरलेले या महिन्याच्या निराधारच्या पैशांतून होणार होते. लेकीचे सासरे म्हणत होते, रविवारी बारसं उरकून टाकू.

"भालेरावसायेब म्हनतात बुधवार धरा," शांताबाई म्हणाल्या. "म्हनजी बारसं म्होरल्या रविवारी ढकलावं लागंल. तुमी काय म्हनता, सर?"

मी फळ्याकडे बोट केलं. शुक्रवार. यादी गुरुवारी निघणार, शुक्रवारी जमा. त्यानंतर दुसरा शनिवार, रविवार, सोमवारी पंधरा ऑगस्ट, मंगळवारी पारशी नववर्ष, हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच तर शुक्रवार, त्याच्या आतच होणार. मी म्हणालो, "भालेरावांचं ऐकाल तर आठवडा फुकट घालवाल. बिनधास्त रविवार सांगा लेकीला."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावून रविवार सांगितला. त्यांचा चेहरा असा उजळला की मी मनात म्हटलं, बघा भालेराव.

शुक्रवारी शांताबाई मंडईत बसल्या नाहीत. सकाळी दहाला बँकेच्या दारात गेल्या. बारा वाजता पासबुक भरून घेतलं, काही नाही. दोनला पुन्हा विचारलं. चारला शिपाई म्हणाला, मावशी, आता बुधवारीच. वरून यादीच निघाली नव्हती. का निघाली नव्हती ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणीतरी साहेब चार दिवसांच्या सुट्टीला एक दिवस आधीच जोडून गेला असेल. माझ्या गणितात सुट्ट्या होत्या, सुट्टीवर जाणारी माणसं नव्हती.

शनिवारी सकाळी मी जिन्यातून पाहिलं. फाटकाला फडकं होतं आणि शांताबाई भालेरावांच्या पायरीवर बसल्या होत्या. मला त्यांच्यापुढे जायची लाज वाटत होती, पण गेलो. म्हटलं, "शांताबाई, पैसे मी देतो. आत्ता सराफाकडे जाऊ."

"सायबांनीबी तेच इचारलं," त्या म्हणाल्या. "नगं. पैलं वाळं हाय, उसनं नगं. माझ्या पैशाचं असू द्या." मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाल्या, "तुमचा काय दोस न्हाई. बँकंनं घोळ घातला, सायबांनी सांगितलं मला."

भालेराव आत फोनवर होते. लेकीच्या सासऱ्यांशी बोलत होते. "हो, आजीच. नाही हो, त्यांची चूक नाही, बँकेची सुट्टी आडवी आली. एक आठवडा थांबलात तर... हो. पाहुणे सांगून झाले. समजलं. नाही, बरोबर आहे तुमचं." त्यांनी फोन ठेवला, बाहेर आले आणि शांताबाईंच्या शेजारी पायरीवर बसले. "नाही जमत म्हणाले. तुम्ही उद्या तशाच जा."

शांताबाईंनी मान हलवली. "रिकाम्या हातानं आजी जाती व्हय," म्हणाल्या, आणि उठून मंडईकडे गेल्या. त्या गेल्याच नाहीत रविवारी. नातीचं नाव त्यांना फोनवर कळलं.

त्या वळणाआड गेल्या. मी वाट पाहत होतो, भालेराव आता बोलणार. मी त्यांच्या जागी असतो तर बोललो असतो, आणि बरंच बोललो असतो. ते म्हणाले, "आत या, मास्तर. चहा घेऊ."

नऊ वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या घरात बसलो. आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी, विमलवहिनी, खाटेवर होत्या. त्यांना दोन वर्षांपासून दिसत नाही, हे मला माहीत होतं आणि मी कधी भेटायला गेलो नव्हतो. भालेरावांनी ती लांबट वही माझ्यापुढे उघडून ठेवली.

"आपण वर्षभर गॅलरीतून ऐकत होतात," ते म्हणाले. "म्हटलं, एकदा नीट बघून घ्या."

पानावर तीन रकाने आखले होते. पहिल्यात माणसाचं नाव. दुसऱ्यावर लिहिलं होतं, खरी तारीख. तिसऱ्यावर, सांगायची तारीख. मी शांताबाईंची ओळ पाहिली. खरी तारीख शुक्रवारची, माझीच. सांगायची, बुधवार. निर्मलाची, इस्त्रीवाल्याच्या आईची, माझीसुद्धा, सगळीकडे खरी आधीची आणि सांगायची नंतरची. गणित त्यांचं माझ्याइतकंच बरोबर होतं. कदाचित जास्त.

"मग बरोबर तारीख का नाही सांगत?" मी विचारलं.

"पैसे एक दिवस आधी आले की बाई खूश होऊन जाते. एक दिवस उशिरा आले तर तेवढी वाट तिला बँकेच्या दारात उभं राहून बघावी लागते." ते कपाटातून साखरेचा डबा काढत होते. "आपण चुकलो असं लोकांना वाटलं तर वाटू दे. त्यात आपलं काय जातं."

माझं गेलं असतं. म्हणून तर मी फळा टांगला होता. माझा मत्सर त्या क्षणी गेला असं मी म्हणणार नाही. उलट वाढला. आतापर्यंत मला वाटायचं की हा माणूस माझ्यापेक्षा हुशार समजला जातो. आता कळलं की तो माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि ते जास्त टोचतं.

ते स्वयंपाकघरात गेले. मी वहीची पानं मागे उलटत बसलो. शेवटी शेवटी एक वेगळं पान लागलं. त्यावर नाव एकच होतं, मिलिंद. हा त्यांचा मुलगा, बंगळूरला एका कंपनीत आहे. पानभर तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे कोणत्या सुट्ट्या कशा जोडून येतात ते बारीक अक्षरात लिहिलेलं. शुक्रवार-शनिवार-रविवार. रविवार-सोमवार. प्रत्येक खऱ्या तारखेवर काट मारलेली. सांगायच्या तारखेचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. सगळ्यात खालची ओळ याच चार दिवसांची होती. तिच्यावरची काट नवीन दिसत होती.

मला वाटत होतं, हा माणूस सुट्ट्या मोजतो त्या पेन्शनसाठी.

"कोण, देवधर मास्तर का?" आतून विमलवहिनींचा आवाज आला. "या ना आत. तुम्ही तारखा अगदी अचूक काढता म्हणे. निर्मला सांगत होती."

मी वही तशीच ठेवून आतल्या खोलीच्या दारात गेलो. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले. कुणीतरी वेणी घालून दिली होती, जरा तिरकी, पुरुषाच्या हातची.

"मग मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "यंदा चार दिवस जोडून आलेत असं रेडिओवर ऐकलं. ह्यांना विचारलं की नुसतं 'बघू' म्हणतात. मिलिंद यायचा असेल का हो?"

मी आयुष्यभर चुकीचं उत्तर दिलं म्हणून मुलांना बाकावर उभं केलं. बरोबर उत्तर मला ठाऊक होतं. ते बाहेर टेबलावर, काट मारून, उघडं पडलेलं होतं.

"जोडून इकडे आलेत, वहिनी," मी म्हणालो. "तिकडे नाहीत. त्याच्या कंपनीने यंदा सुट्ट्या बदलल्यात. या वेळी कुणालाच सोडत नाहीयेत."

"असं होय," त्या म्हणाल्या. चेहरा जरा सैल झाला. "मग तो तरी काय करणार. मी उगाच कान लावून बसले होते कालपासून. पुढच्या सुट्ट्या कधी?"

"नवी यादी लागायची आहे. लागली की मी स्वतः येऊन सांगतो."

"नक्की या," त्या म्हणाल्या आणि उशी सरकवून आडव्या झाल्या.

मी वळलो तर भालेराव दोन कप घेऊन मागे उभे होते. किती वेळ ते माहीत नाही. त्यांनी एक कप माझ्या हातात दिला, वही मिटून बाजूला ठेवली आणि वहिनींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "रोज येत जा, मास्तर. ती दर वेळी विचारते, आणि मला एकट्याला आता जमत नाही."